गोदो सोडून युनिटीला जावं का? पब्लिशरच्या टेबलापलीकडे बसून आलेल्या माणसाचं उत्तर

आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरचे तिघे मित्र चौदा महिन्यांपासून गोदोमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये, टूडी गेम करतायत. अशा सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात. उड्या मारायच्या, कोडी सोडवायची, गडाच्या एकेका दरवाजातून आत शिरायचं. आठपैकी पाच लेव्हल खेळण्याजोग्या झाल्यात. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, अजून पान नाही. आधी स्टीम, पैसे आले तर निन्टेंडो स्विच हा कन्सोल (खास गेमसाठीचं यंत्र), असा बेत आहे. एका कार्यक्रमात कुणा अनुभवी माणसाने त्यांना सांगितलं, ‘गोदो हा शब्द वाचला की पब्लिशर मेल बंद करतो. युनिटीत किंवा अनरियलमध्ये परत करा, मगच कुणाच्या दारात जा.’ पब्लिशर म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणारी कंपनी; युनिटी आणि अनरियल ही दुसरी इंजिनं. तेव्हापासून तिघांची झोप उडाली आहे.

इंजिन बदलू नका. फक्त एवढं सांगून मला हात झटकता येत नाहीत, कारण त्या माणसाचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. त्याला काहीतरी दिसलंय, फक्त ते कुठल्या जागी दिसलं हे त्याने सांगितलं नाही.

मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात पुण्यात, परदेशी कंपन्यांचे मोबाइल गेम बनवून देणाऱ्या एका स्टुडिओत. मग पोर्टिंग, म्हणजे दुसऱ्यांनी केलेला गेम नव्या कन्सोलवर उतरवून द्यायचा. मधली तीन वर्षं एका युरोपातल्या पब्लिशरसाठी, आलेल्या गेमची तांत्रिक तपासणी करून देण्याचं काम केलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात दाराआड उभं राहून ऐकणारी आत्या असते ना, तसं ते काम. निर्णय आपला नसतो, पण आपण नाक मुरडलं की पुढची बोलणी अडतात.

तिथे एक तक्ता असायचा. एका ओळीत एक गेम. प्रकार कोणता, वेगळेपण काय, टीम कोण, पैसे किती हवेत, कुठल्या कुठल्या प्लॅटफॉर्मवर यायचाय, कधी यायचाय, आणि बरंच पुढे एका कोपऱ्यात इंजिन. पहिली चाळणी करणारी माणसं मार्केटिंगची असत. ती तीस सेकंदांचा व्हिडिओ बघत, डेमो दहा मिनिटं खेळत, आणि ‘हे मी विकू शकते का’ एवढंच ठरवत. त्या चाळणीत इंजिनच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. गेम चाळणीतून खाली आला की ओळ माझ्याकडे यायची, आणि मी इंजिनचा रकाना ‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘पैसे’ या दोन रकान्यांना जोडून वाचायचो. इंजिन गोदो आणि प्लॅटफॉर्म फक्त पीसी असला तर मी पुढे सरकायचो. इंजिन गोदो, प्लॅटफॉर्ममध्ये स्विच आणि प्लेस्टेशन, आणि पैशांच्या रकान्यात पोर्टचा एक रुपयाही नाही, असं दिसलं की लाल पेन निघायचं. त्या अनुभवी माणसाने बहुधा हा लाल पेनाचा शेरा कुठेतरी वाचला असावा. शेरा गोदोवर नव्हता. टीमने हिशेब केलेला नाही, यावर होता.

पब्लिशर गोदोला हात लावत नाहीत हे तर सरळ चूक आहे. स्वीडनच्या रॉ फ्युरीने २०२२ मध्ये डोम कीपर आणि २०२३ मध्ये कॅसेट बीस्ट्स असे लागोपाठ दोन गेम आणले, दोन्ही गोदोतले. बकशॉट रूलेट हा गोदोतला छोटासा भीतिदायक गेम आधी इच या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर आला, गाजला, आणि २०२४ मध्ये पब्लिशर घेऊन स्टीमवर आला. ब्रोटाटोही गोदोचाच. आणि इंजिनचं नाव अनोळखी असल्याने कुणी अडत नाही याचा सगळ्यात मोठा दाखला बलात्रो. एकट्या माणसाने लव्ह नावाच्या, लुआ भाषेत चालणाऱ्या अगदी छोट्या चौकटीत पत्त्यांचा गेम लिहिला, प्लेस्टॅक या पब्लिशरने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला, आणि वर्षभरात पन्नास लाख प्रती गेल्या. आता ही नावं घेऊन मी काही सिद्ध करतोय असं समजू नका. याच इंजिनांमध्ये केलेले आणि कुणालाच न आठवणारे गेम यांच्या कित्येक पट आहेत, आणि तीच गोष्ट युनिटीची आणि अनरियलची. एवढंच दिसतं की पब्लिशरच्या दारावर इंजिनचा पहारेकरी बसवलेला नाही.

मग घोडं अडतं कुठे? कन्सोलवर.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण गोंधळतात. सोनी, निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट आपल्या कन्सोलची डेव्हलपमेंट साधनं गुप्ततेचा करार केल्यावरच देतात. गोदोचा कोड एमआयटी लायसन्सखाली सगळ्या जगासाठी उघडा आहे. गुप्त कोड उघड्या कोडमध्ये घालता येत नाही, म्हणून गोदोच्या अधिकृत डाउनलोडमध्ये ‘स्विचसाठी बिल्ड (चालवता येणारी तयार आवृत्ती) काढा’ असं बटण नाही. त्यात गोदोवाल्यांचा आळस नाही, कायद्याची अडचण आहे. यावर तोडगा म्हणून गोदोच्याच मूळच्या काही मंडळींनी २०२२ मध्ये डब्ल्यूफोर गेम्स ही कंपनी काढली. कन्सोलवर न्यायचा भाग ती बंद दाराआड, पैसे घेऊन पुरवते. शिवाय गोदोचे गेम पोर्ट करून देणारे स्टुडिओ आहेत. म्हणजे वाट आहे, पण वाटेवर टोलनाका आहे. डोम कीपर आणि कॅसेट बीस्ट्स, दोन्ही पुढे कन्सोलवर गेलेच.

युनिटीत टोल नाही असं वाटत असेल तर तेही खरं नाही. फुकटच्या पर्सनल लायसन्सवर कन्सोलचं बिल्ड निघत नाही. त्यासाठी प्रो लायसन्स लागतं किंवा कन्सोल कंपनीने दिलेली चावी लागते. गेममेकर या आणखी एका इंजिनमध्ये कन्सोलसाठी वेगळं महागडं सबस्क्रिप्शन आहे. अनरियल एकटं असं आहे की कन्सोल कंपनीने तुम्हाला मान्यता दिली की तो भाग वेगळे पैसे न मागता मिळतो, पण त्याचा हिशेब पुढे रॉयल्टीत होतोच.

खरी अडचण यांच्याही पलीकडच्या इंजिनांची. ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला गेम. कन्सोलवर, आणि आयफोनवरही, चालता चालता नवा मशीन कोड तयार करायला मनाई असते. जावास्क्रिप्टचा वेग तर सगळा त्यावरच उभा. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स फेझर नावाच्या जावास्क्रिप्ट चौकटीत सुरू झाला आणि पुढे त्यांना तो युनिटीत नव्याने बांधावा लागला. त्यांचा गेम तोवर धो धो चालला होता, परवडलं. माझ्या समोर घडलेलं एक प्रकरण असं नव्हतं. चार जणांची टीम, ब्राउझरवरचा सुरेख गेम, एका पब्लिशरशी करार झाला, करारात पीसी आणि स्विच एकाच दिवशी. इंजिनचा रकाना कुणी वाचलाच नाही. मी तेव्हा त्या चौघांच्या बाजूने होतो, आणि मलाही उशिरा दाखवलं. पोर्टचा आकडा आला तेव्हा तो उरलेल्या अख्ख्या बजेटपेक्षा मोठा होता. पब्लिशरने तो भरला, पण करारातल्या कलमाप्रमाणे तो सगळा ‘आधी वसूल करायच्या खर्चात’ गेला. गेम विकला गेला, परीक्षणं चांगली आली, आणि दीड वर्ष त्या चौघांना एक पैसा दिसला नाही. पब्लिशर लबाड नव्हता. कागदावर सही आमचीच होती.

कन्सोलचा दुसरा भाग म्हणजे सर्टिफिकेशन, गेम विकायला येण्याआधी कन्सोल कंपनी घेते ती परीक्षा. सोनीचं टीआरसी, मायक्रोसॉफ्टचं एक्सआर, निन्टेंडोचं लॉटचेक. नावं वेगळी, छळ तोच. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेमने स्वतःहून थांबून तसं सांगितलं पाहिजे. कन्सोल झोपवून उठवला तर आवाज आणि घड्याळ जागच्या जागी हवं. सेव्ह होत असताना जागा संपली तर गेम कोसळता कामा नये. हे कुठल्याही इंजिनमध्ये तुम्हालाच लिहावं लागतं. फरक एवढाच की युनिटी किंवा अनरियलमध्ये तुमच्याआधी हजारो जण त्याच खड्ड्यात पडून गेलेत आणि खड्ड्याभोवती दगड लावून ठेवलेत. गोदोत दगड कमी. तुम्ही आत्ताच, पीसीवरच, कंट्रोलर मध्येच उपटून बघा. तुमचा नायक कड्यावरून चालत जाऊन मरतो की नाही ते कळवा.

आता पैशाकडे येऊ, कारण इंजिनचा सगळ्यात टोकदार परिणाम तिथे होतो आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हा भाग कुणी शिकवत नाही.

युनिटीचं पर्सनल लायसन्स फुकट आहे, पण मागच्या बारा महिन्यांत तुमच्याकडे २ लाख डॉलरहून जास्त आले नसतील तरच. ‘आले’ या शब्दावर बोट ठेवा. त्यात विक्री धरतात आणि मिळालेला निधीही धरतात. म्हणजे गेम अजून विकायलाही काढलेला नाही, पण पब्लिशरने मोठा अ‍ॅडव्हान्स दिला आणि तुम्ही मर्यादा ओलांडली, की त्या दिवसापासून प्रत्येक माणसाला प्रो लायसन्स. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा दर माणशी वर्षाला २,२०० डॉलर झाला. त्या दराने तिघांचे दोन वर्षांचे १३,२०० डॉलर. पब्लिशरला पाठवायच्या बजेटमध्ये ही ओळ नसेल तर ती तुमच्या पगारातून जाते. तुम्हाला कोल्हापुरात २ लाख डॉलरचा अ‍ॅडव्हान्स मिळेल असं मी म्हणत नाही. मिळालाच तर पेढे मला पाठवा. पण ओळ माहीत असावी.

अनरियलचं गणित वेगळं. एका गेमची आयुष्यभराची एकूण विक्री १० लाख डॉलर होईपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर ५ टक्के. अनरियल बनवणाऱ्या एपिकच्या दुकानातून झालेल्या विक्रीवर ही रॉयल्टी नाही. आणि २०२५ पासून, तुम्ही गेम बाकी दुकानांबरोबर एकाच वेळी एपिकच्या दुकानातही आणला तर दर साडेतीन टक्के. हे ५ टक्के एकूण विक्रीवर आहेत, स्टीमने आपले ३० टक्के कापायच्या आधीच्या आकड्यावर. एक उदाहरण मांडतो, आकडे कल्पित आहेत. समजा गेमची विक्री १५ लाख डॉलरची झाली, सगळी स्टीमवर. परतावे आणि कर सोडून देऊ. स्टीमने ४.५ लाख घेतले, उरले १०.५ लाख. पब्लिशरने तुमच्यावर २ लाख घातले होते ते आधी वसूल, उरले ८.५ लाख, वाटणी निम्मी निम्मी. एपिकचे देणे २५ हजार. आता करारात ‘निव्वळ उत्पन्न’ या शब्दाची व्याख्या कशी आहे बघा. इंजिनची रॉयल्टी वाटणीआधी वजा होणार असेल तर तुमच्या हाती ४ लाख १२ हजार ५००. ‘तांत्रिक लायसन्सचा सर्व खर्च डेव्हलपरकडे’ असं एक निरुपद्रवी वाक्य मागच्या पानावर असेल तर ४ लाख. एका वाक्याचे साडेबारा हजार डॉलर गेले, म्हणजे कोल्हापुरात तिघांचं वर्ष.

गोदोत ही ओळ कोरी असते, कारण लायसन्स म्हणजे गेमसोबत एक मजकूर जोडायचा, बस. पोर्टचा टोल आणि ही कोरी ओळ एकमेकांसमोर ठेवा, मग गोदो स्वस्त की महाग ते ठरवा. तुमच्या आकाराच्या टूडी गेमला बहुतेक वेळा स्वस्तच पडतं असं माझं मत आहे, पण मत म्हणूनच घ्या.

करार वाचायची सवय लावायची असेल तर एक सोय आहे. रॉ फ्युरीने २०२१ मध्ये आपल्या प्रकाशन कराराचा नमुना सगळ्यांना वाचायला खुला केला. इंग्रजी कायद्याची भाषा आहे, जड जाईल, पण एकदा तिघांनी मिळून बसा, ‘खर्च’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने खूण करा. मग दुसऱ्या कुणाचा करार हातात आला की काय गाळलंय आणि काय घुसवलंय ते डोळ्यांना लगेच टोचतं.

२०२३ च्या सप्टेंबरचा विषय टाळून चालणार नाही. १२ तारखेला युनिटीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेणार, खालच्या लायसन्सला २० सेंटपर्यंत. विक्रीवर नव्हे, इन्स्टॉलवर! बंडलमध्ये दिलेल्या प्रती, सबस्क्रिप्शनवर उतरवलेल्या प्रती, यांचं काय, हे पहिल्या दिवशी धड कुणालाच कळलं नाही. दहा दिवसांत त्यांनी अटी सौम्य केल्या, पुढच्या महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले, आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, गेमसाठीची ती फी पूर्ण रद्द झाली. वर मी म्हटलेली २ लाखांची मर्यादाही तेव्हाचीच, आधी ती १ लाख होती. त्या गदारोळात टेरारिया हा गेम करणाऱ्या री-लॉजिकने गोदोला १ लाख डॉलर दिले. स्ले द स्पायर या गेमच्या टीमने तर दोन वर्षांहून जास्त युनिटीत केलेलं काम बाजूला ठेवून दुसरा भाग गोदोत न्यायचं ठरवलं.

पब्लिशरच्या बाजूला बसून मला त्या आठवड्यात काय दिसलं ते सांगतो. आमच्या यादीतले बहुसंख्य गेम युनिटीतले. तोवर ‘युनिटी’ या शब्दावर कुणी क्षणभरही थांबत नसे, तो सुरक्षित शब्द होता. त्या आठवड्यात पहिल्यांदा वकिलाने मला फोन करून विचारलं, ‘इंजिन कंपनीने मध्येच दर बदलले तर भरणार कोण, हे आपल्या करारात आहे का?’ नव्हतं. तेव्हापासून मी पाहिलेल्या नव्या करारांत ते कलम दिसायला लागलं, कधी डेव्हलपरच्या बाजूने, कधी विरुद्ध. त्यामुळे ‘युनिटीला जा म्हणजे पब्लिशर निर्धास्त होईल’ हा सल्ला २०२२ पर्यंत थोडाफार बरोबर होता. आता शिळा झालाय.

तरी युनिटीचा एक फायदा मी नाकारणार नाही. माणसं. तुमच्यातला प्रोग्रॅमर उद्या पुण्यात नोकरी धरून निघून गेला, आणि हे होतंच, तर पब्लिशर विचारतो की उरलेलं काम कोण पुरं करणार. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इथे मोबाइल गेमच्या धंद्यामुळे युनिटी येणारी मुलं मुबलक. गोदोवाली शोधावी लागतात. तुमच्या प्रस्तावात यावर एक ओळ हवी: दुसरा कोण कोड वाचू शकतो, कोड कुठे ठेवलाय, बिल्ड कसं काढायचं हे लिहून ठेवलंय का. तुमच्यापैकी चित्रकार असलेल्या मुलीला नवीन लॅपटॉपवर, कुणाला न विचारता, बिल्ड काढून दाखवायला सांगा. जमलं तर ही शंका निम्मी मिटली.

अनरियलबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, त्याला महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, अनरियल इंजिन ४ मधला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून पाहिले, लक्ष्य गाठलं नाही. पण राजस्थानी वास्तू, भिंतीवरची चित्रं, उजेड, देवळातले खांब, सगळं थ्रीडीत आणि एका नजरेत भुरळ घालणारं. पुढे पब्लिशर मिळाला, ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकी कन्सोलवर, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या यादीत त्याला नामांकन होतं. तिथे अनरियलची निवड प्रकाशनाच्या कामी आली असं मी मानतो, कारण विकायची गोष्टच डोळ्यांना दिसणारी होती, आणि कन्सोलचा रस्ता इंजिनमध्येच होता. तुमच्या गेमचं विकायचं सूत्र कोड्यात आहे. ते अनरियलमध्ये नेलंत तर मेगाबाइट वाढतील, बाकी काही नाही.

युनिटी म्हणजे स्वस्त गेम, हा शिक्का कसा पडला ठाऊक आहे का? फुकट लायसन्सवर ‘मेड विथ युनिटी’ ही पाटी सक्तीची होती, पैसे भरले की ती काढता यायची. त्यामुळे पैसेवाले, देखणे गेम पाटी काढून टाकत आणि होतकरू, अर्धकच्चे गेम ती मिरवत. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाटी पाहिली ती कच्च्या गेमवरच. स्वतःचीच बदनामी पैसे न घेता करून घेण्याचं यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही. युनिटी ६ पासून पाटी ऐच्छिक आहे.

मोबाइलचा विचार तुमच्या मनात नाही, म्हणून दोनच वाक्यं. तिथले पब्लिशर जाहिरातींची आणि मोजमापाची अनेक एसडीके (तयार कोडचे संच) तुमच्या गेममध्ये घालायला सांगतात, आणि ती युनिटीसाठी सगळ्यात आधी तयार असतात. तिथे गोदोचा हट्ट मी धरला नसता. आणि इंजिन कुठलंही असो, जुनी आवृत्ती धरून बसता येत नाही: नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने अँड्रॉइड १५ आणि पुढच्यांसाठीच्या नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना १६ केबी मेमरी पेज (फोनची मेमरी वाटायचा मोठा तुकडा) चालणं बंधनकारक केलं, तेव्हा कित्येक जुने प्रोजेक्ट इंजिनची आवृत्ती बदलल्याशिवाय अपडेटही करता येईनात.

आता तुम्ही विचारलेलंच नाही, पण मराठी माणूस म्हणून मी विचारणार: गेममधला मजकूर मराठीत ठेवणार आहात म्हणता, तर तो नीट उमटतोय का? इथे तुमचं इंजिन तुमच्या बाजूने आहे. युनिटीत मजकूर दाखवायला सगळे जण वापरतात त्या टेक्स्टमेशप्रोला देवनागरीची जोडणी येत नाही. माझ्या एका कामात ‘किल्ल्याची किल्ली’ हे शब्द पडद्यावर आले तेव्हा पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि ल्ल्य ची जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली होती. परदेशी पब्लिशरच्या तपासणी करणाऱ्याला ते दिसलंही नाही, त्याला सगळंच सारखं. मराठी खेळणाऱ्याने पहिल्याच दिवशी शिव्या घातल्या. गोदो ४ मध्ये हार्फबझ, म्हणजे अक्षरं जोडून मांडणारा कोड, आत आहे, त्यामुळे जोडाक्षरं सरळ उमटतात. गोदो ३ वर असाल तर मात्र नाही.

एक बारीक खोच तरीही राहते. संवाद एकेक अक्षर टाइप होत यावा असं तुम्ही केलं असेल, सगळेच करतात. गोदोचं लेबल (पडद्यावर मजकूर दाखवणारा भाग) मुळात अक्षरं जोडणीच्या आधी कापतं, त्यामुळे ‘दुर्गा’ येताना आधी ‘दु’, मग ‘दुर’, मग ‘दुर्’, आणि मग रफार उडी मारून वर, असा नाच होतो. लेबलच्या ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेवियर’मध्ये जाऊन ते जोडणीनंतर कापायला सांगा, म्हणजे अक्षरं अख्खी येतील. या एका सेटिंगपायी मी एक रविवार घालवलाय, तुम्ही घालवू नका.

इंजिन बदललंत तर नक्की काय गमवाल तेही स्पष्ट सांगतो. चित्रं आणि आवाज तसेच नेता येतील. कोड पुन्हा लिहावा लागेल, तो लिहून होईलही. पण तुमच्या नायकाची उडी? कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते, ती सवलत किती फ्रेमची, खाली येताना वेग किती वाढतो, भिंतीला घासलं की किती अडतो, हे चौदा महिने हाताने चाचपून बसवलेलं असतं. दुसऱ्या इंजिनच्या फिजिक्समध्ये तेच आकडे टाकले तरी ती उडी तशी लागत नाही. माझ्या अंदाजाने पाच लेव्हल आज आहेत त्या ठिकाणी आणायला तुम्हाला सहा ते आठ महिने लागतील. आणि मग पब्लिशरला दाखवायला काय असेल? तोच गेम.

तेवढ्या वेळात करण्याजोगं पुष्कळ आहे. स्टीमचं पान आधी उघडा. गेममागे १०० डॉलर लागतात आणि विक्री १,००० डॉलर झाली की ते परत मिळतात. स्टीम इंजिन विचारत नाही. विशलिस्टचा, म्हणजे गेम आला की घ्यायचा म्हणून किती जणांनी नोंदवून ठेवलाय त्याचा, आकडा हातात असला की पब्लिशरशी बोलताना तुमचा आवाज आपोआप बदलतो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या मेळाव्यात एका गेमला एकदाच जाता येतं, म्हणून अर्धवट डेमो घेऊन घाई करू नका. गेम स्टीम डेकवर, म्हणजे स्टीमचे गेम चालवणाऱ्या हातातल्या यंत्रावर, चालवून बघा. स्वतःकडे नसेल तर ओळखीत कुणाकडे तरी सापडेल. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळून चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, तेव्हा पहिल्या दरवाजाशी गेम अडखळला तर माणूस दुसऱ्यापर्यंत येत नाही.

आणि मेल पाठवण्याआधी गोदोचे पोर्ट करणाऱ्या दोन ठिकाणांहून स्विचच्या पोर्टचा लेखी अंदाज मागवा. डेमो पाठवला की ते देतात. तुमच्या प्रस्तावात इंजिनच्या रकान्यात नुसतं ‘गोदो’ लिहू नका. लिहा: ‘गोदो ४, बाहेरचं कुठलंही बंद प्लगइन नाही, स्विच पोर्टचे दोन अंदाज सोबत जोडले आहेत, मोठा धरून बजेटमध्ये घेतला आहे, पोर्टचा कालावधी पीसी आवृत्तीनंतर धरला आहे.’ माझ्यासारखा कुणी तिकडे बसला असेल तर तो ही ओळ दोनदा वाचेल, आणि लाल पेनाचं टोपण परत लावेल.